शिष्यवृत्ती कोण देतं, आणि कशासाठी देतं?

(बेलापूर, ता. श्रीरामपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. व्याख्यानानंतरची निवडक प्रश्नोत्तरे शेवटी दिली आहेत.)



आजचा विषय परदेशी शिक्षणाचा आहे. पण परदेशात प्रवेश कसा घ्यावा, हे सांगायला मी आलेलो नाही. ते सांगणारी दुकानं आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत. मला त्याच्या अलीकडचा प्रश्न घ्यायचा आहे. जर्मनी, जपान, ब्रिटन, फ्रान्स, कोरिया, ऑस्ट्रेलिया हे देश आपल्या पोरांना बोलावतात. शिष्यवृत्त्या जाहीर करतात, मेळावे भरवतात. का? आपल्या पोरांवर त्यांची माया आहे म्हणून? आणि तेच देश दोन-चार वर्षांनी दार अर्धं लावून घेतात, ते का?

हा प्रश्न नुसता माहितीचा नाही. परदेश मंत्रालयाच्या २०२४ च्या आकड्यांप्रमाणे तेरा लाखांहून जास्त भारतीय विद्यार्थी बाहेरच्या देशांत शिकत होते. त्यातली बहुसंख्य मुलं शिष्यवृत्तीवर गेलेली नाहीत. घरच्या पैशावर नाहीतर कर्जावर गेली आहेत. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. मग घर तारण ठेवायचं, बिनशेती प्लॉट ठेवायचा, नाहीतर सरळ जमीन विकायची. म्हणजे तिकडच्या सरकारनं एक नियम बदलला की इकडे एखाद्या घराचा सातबारा बदलतो. म्हणून ही स्पर्धा कशी चालते, हे आपल्याला समजलं पाहिजे.

उसाच्या हंगामासारखं

आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, म्हणून इथलंच उदाहरण घेऊ. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला की काय होतं? कारखान्यांची माणसं बांधावर येतात. पहिली उचल वाढते. तोड लवकर मिळते. शेजारच्या कारखान्याच्या भागातला ऊस पळवापळवीनं आणला जातो. आणि ज्या वर्षी ऊस उदंड होतो, त्या वर्षी? तोच शेतकरी तोडीसाठी चकरा मारतो आणि उसाला तुरे फुटतात. शेतकरी तोच, ऊसही तोच. बदलली ती कारखान्याची गरज.

देशांचं असंच आहे. एखादा देश विद्यार्थ्याला बोलावतो तेव्हा त्याच्या चार गरजा असू शकतात. पहिली मैत्रीची: आपल्याकडे शिकलेला माणूस उद्या त्याच्या देशात अधिकारी, मंत्री, प्राध्यापक होईल आणि आपल्याबद्दल चांगलं बोलेल. दुसरी फीची: परदेशी विद्यार्थी जास्त फी देतो, त्यावर विद्यापीठं चालतात. तिसरी हातांची: तिकडे म्हातारी माणसं वाढली, मुलं कमी झाली, कामाला माणूस मिळत नाही. आणि चौथी डोक्यांची: संशोधनाला हुशार मुलं हवीत. मैत्री, फी, हात आणि डोकं. कुठलीही शिष्यवृत्ती समोर आली की ती यातल्या कोणत्या गरजेतून आली, हे ओळखायचं. ते ओळखता आलं की तिच्या अटीही कळतात, आणि ती किती दिवस टिकेल याचाही अंदाज येतो.

साडेअकरा पौंड आणि एक करारनामा

आपल्याकडची सगळ्यांना ठाऊक असलेली परदेशी शिष्यवृत्ती कोणती? बाबासाहेबांची. या भागाशी त्यांचा संबंध होताच. १९३९ साली इथं शेजारी हरेगावला जी परिषद भरली, तिला ते आले होते. त्यांच्या शिष्यवृत्तीचा तपशील मात्र आपण कधी नीट बघत नाही.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेला पाठवलं. महाराज मूळचे आपल्याच बाजूचे, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. त्या पैशावर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि पुढं १९१६ मध्ये लंडनला गेले. पण जाण्याआधी त्यांनी एका करारावर सही केली होती. शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची.

यात गैर काही नव्हतं. संस्थानाला शिकलेली माणसं हवी होती, त्यासाठी महाराज पैसे घालत होते. १९१७ मध्ये मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांना परत यावं लागलं, आणि करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. पुढं काय झालं? त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत अस्पृश्याला थारा नव्हता. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. ते उघडकीला आल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले आणि त्यांना तिथून निघावं लागलं. संस्थानानं परदेशी शिक्षणावर एवढा खर्च केलेला माणूस काही दिवसांत मुंबईला परतला.

लंडनचा राहिलेला अभ्यास त्यांनी १९२० नंतर पुरा केला. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, असा तो पैसा उभा राहिला.

ही हकिगत मी भावनेसाठी सांगत नाही. तिच्यात या विषयाचा गाभा आहे. शिष्यवृत्ती देणं हे सरकारच्या हातात असतं, एका हुकमानं ती देता येते. त्या माणसाला राहायला खोली देणं, कामाच्या जागी मान देणं, हे समाजाच्या हातात असतं, आणि ते हुकमानं होत नाही. बडोद्याचा खजिना तयार होता, बडोद्याचं शहर तयार नव्हतं. आजही देश एकमेकांशी स्पर्धा करतात, ती पहिल्या गोष्टीत. जिंकतात किंवा हरतात, ते दुसऱ्या गोष्टीत.

मैत्रीचा पैसा

दुसऱ्या महायुद्धानंतर शिष्यवृत्ती हे परराष्ट्र धोरणाचं हत्यार झालं. अमेरिकेनं १९४६ मध्ये फुलब्राइट योजना काढली. युद्ध संपल्यावर देशोदेशी पडून राहिलेलं लष्करी सामान विकायचं आणि त्या पैशातून विद्यार्थी-अध्यापकांची देवाणघेवाण करायची, अशी ती मूळ कल्पना. भारताशी तिचा करार फेब्रुवारी १९५० मध्ये झाला. त्याच सुमारास कोलंबो योजना आली, आणि आशियातले हजारो विद्यार्थी ऑस्ट्रेलियासारख्या देशांत शिकायला गेले. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती १९५९ ची.

मग रशिया गप्प बसणार होता का? १९६० मध्ये मॉस्कोत आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं विद्यापीठच काढलं. पुढच्या वर्षी त्याला काँगोच्या पॅट्रिस लुमुंबांचं नाव दिलं. शीतयुद्धातली ही दोन दुकानं समोरासमोर होती. गरीब देशाच्या हुशार मुलाला एकाच वेळी दोन्हीकडून बोलावणं येत असे.

भारतही यात मागं नव्हता, हे आपण विसरतो. मौलाना आझादांनी १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. तिच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिका आणि आशियातले विद्यार्थी आजही भारतात शिकतात.

मैत्रीच्या शिष्यवृत्तीत बहुधा एक अट असते: शिका आणि परत जा. ब्रिटनची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्ससाठी सगळा खर्च देते, पण नंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. फुलब्राइटलाही तशी दोन वर्षांची अट आहे. कारण सरळ आहे. तुम्ही लंडनमध्येच राहिलात तर इथं त्यांचा मित्र कोण होणार?

फी आणि सवलत

आता दुसरी गरज. १९७९ साली ब्रिटनमध्ये थॅचरबाईंचं सरकार आलं. परदेशी विद्यार्थ्यांना आपण पदरमोड करून का शिकवायचं, असं म्हणत त्यांनी नव्या परदेशी विद्यार्थ्यांना १९८० पासून पूर्ण खर्चाची फी लावली. राष्ट्रकुल देशांत संताप झाला, मलेशियानं तर ब्रिटिश माल घ्यायचा तो सगळ्यात शेवटी असं धोरण जाहीर केलं. मग १९८३ मध्ये ब्रिटननं शिष्यवृत्त्यांसाठी पैसे काढले. आजची चिव्हनिंग त्याच वर्षी सुरू झाली, हे नाव तिला नंतर मिळालं.

म्हणजे आधी सगळ्यांची फी वाढवायची, मग थोड्यांना शिष्यवृत्ती द्यायची. हा नमुना लक्षात ठेवा, पुढं तो अनेक देशांनी गिरवला. फ्रान्सनं २०१९ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वाढवली आणि सोबत शिष्यवृत्त्याही वाढवू असं सांगितलं.

प्रमाण किती ते बघा. चिव्हनिंग सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला साधारण दीड हजार. आणि २०२२-२३ मध्ये ब्रिटनच्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थी होते सात लाख अठ्ठावन्न हजार. शिष्यवृत्तीचा फोटो वर्तमानपत्रात येतो, फीची पावती येत नाही.

शिवाय शिष्यवृत्ती नावाखाली काय काय चालतं, तेही बघा. आपल्या गावाच्या नावाचं रेल्वे स्टेशन आहे, ‘बेलापूर’. पण ते बेलापुरात आहे का? ते श्रीरामपुरात आहे. नवखा माणूस पाटी वाचून उतरतो आणि गाव शोधत बसतो. तसंच आहे हे. एखादं विद्यापीठ पत्र पाठवतं: अभिनंदन, तुम्हाला दोन हजार पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. आपण पेढे वाटतो. पण मूळ फी अठरा हजार पौंड असेल, तर सोळा हजार आपणच भरायचे आहेत. राहणं-खाणं वेगळं. ही फीमधली सवलत आहे, सणाच्या वेळी कपड्याच्या दुकानात लावतात तशी. ती घेऊ नका असं मी म्हणत नाही. तिला शिष्यवृत्ती समजून कर्ज काढू नका, एवढंच म्हणतो.

आणि सल्ला फुकट देणारा एजंट? अनेक विद्यापीठं एजंटला विद्यार्थ्यामागं कमिशन देतात, त्याच्या फीतून. टोळी आणणाऱ्या मुकादमाला कमिशन मिळतं, तसंच. मुकादम वाईट असतो असं नाही. पण तो कोणाचा माणूस आहे, हे माहीत असावं.

हात हवेत

तिसरी गरज सध्या सगळ्यात जोरात आहे. जपान बघा. १९८३ मध्ये त्यांनी ठरवलं, एक लाख परदेशी विद्यार्थी आणायचे. २००३ मध्ये ते झालं. २००८ मध्ये म्हणाले तीन लाख. तेही २०१९ पर्यंत झालं. आता २०३३ पर्यंत चार लाखांचं उद्दिष्ट आहे. कोरियानं २०२३ मध्ये जाहीर केलं, २०२७ पर्यंत तीन लाख. फ्रान्सला २०३० पर्यंत एकट्या भारतातून तीस हजार विद्यार्थी हवेत. या सगळ्या देशांत मुलं कमी जन्माला येतात, हे एक मोठं कारण आहे. जपानची कॉलेजं रिकामी पडायला लागली आहेत.

जर्मनीची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. अपवाद आहेत: बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला दीड हजार युरो आहेत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता फी लावली आहे. पण सर्वसाधारणपणे फी नाही. म्हणजे जर्मनीनं थोड्यांना मोठी शिष्यवृत्ती देण्याऐवजी सगळ्यांना छोटी शिष्यवृत्ती दिली, असं म्हणता येईल. वर शिकता शिकता काम करायची मुभा, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष. आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटलं, ते तत्त्व तुम्हाला परकं नाही. परिणाम काय झाला? २०२२-२३ पासून जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. २०२३-२४ मध्ये ते एकोणपन्नास हजारांच्या वर होते.

पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं नव्हे. व्हिसाच्या वेळी वर्षाचा राहण्याचा खर्च, सध्या ११,९०४ युरो, एका बंद खात्यात दाखवावा लागतो. पैसे आपलेच असतात, दर महिन्याला ठरावीक रक्कम परत मिळते. पण आधी ते उभे करावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तरी जवळजवळ बारा लाख.

आणि शिष्यवृत्तीपेक्षा कामाचा परवाना जास्त ओढतो, याचा पुरावा ब्रिटननंच दिला आहे. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी शिक्षणानंतर दोन वर्षं काम करायची परवानगी बंद केली. नव्यानं येणारे भारतीय विद्यार्थी दोनच वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. विद्यापीठं तीच, शिष्यवृत्त्याही होत्या. २०२१ मध्ये परवानगी पुन्हा दिली, आणि आकडा लाखाच्या पुढं गेला. आपली पोरं कशाकडे बघून देश निवडतात, हे त्या दोन तारखांत लिहिलेलं आहे.

दार अर्धं का लागतं?

मग एवढी गरज असताना दार का लावतात? इथं पुन्हा बडोदा आठवा. विद्यापीठाला फी हवी असते, उद्योगाला हात हवे असतात. पण त्याच शहरात घरभाडं भरणारा मतदारही असतो. भाडं वाढलं, दवाखान्यात रांग लागली, की तो विचारतो, एवढी माणसं आणली कोणी? निवडणूक जवळ आली की सरकार विद्यापीठाचं ऐकत नाही, मतदाराचं ऐकतं.

कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षासाठी सुमारे तीन लाख साठ हजार, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा पस्तीस टक्के कमी. खात्यात दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून वीस हजार सहाशे पस्तीसवर नेली. त्याच महिन्यात ब्रिटननं बहुतेक मास्टर्स विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत आणायला बंदी केली. पुढं २०२५ मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांचा कामाचा काळ २०२७ पासून दीड वर्षाचा होणार. ऑस्ट्रेलियात व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये सातशे दहा डॉलरवरून सोळाशे झाली, आणि पुढच्या जुलैत दोन हजार.

याच काळात हे तिन्ही देश शिष्यवृत्त्या देतच होते. त्या बंद झाल्या नाहीत. म्हणून सांगतो, देशाचा हेतू शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत दिसत नाही. तो व्हिसाच्या नियमांत दिसतो.

आपण यजमान म्हणून कसे?

आता दुसऱ्यांना नावं ठेवून झाली, थोडं आपल्याकडे बघू. पुण्यात परदेशी विद्यार्थी पूर्वीपासून येतात. फर्ग्युसन कॉलेजात डॉ. शां. ब. मुजुमदार वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आठवण आहे. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आत काहीतरी देताना त्यांनी पाहिलं. चौकशी केली, तर आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनं आजारी होता, आणि ती त्याला जेवण आणून देत होती. त्याची चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यातून १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक केंद्र म्हणून ‘सिंबायोसिस’ सुरू झालं. शब्द वनस्पतिशास्त्रातलाच, सहजीवन. दोन वेगळे जीव एकमेकांच्या आधारानं जगतात ते. पुढं त्याची केवढी मोठी संस्था झाली, ते तुम्हाला माहीत आहे. पण सुरुवात वर्गखोलीपासून झाली नाही, एका आजारी मुलाच्या जेवणापासून झाली.

मुजुमदारांना जे १९७१ मध्ये समजलं, ते आपल्या देशाला अजून पुरतं समजलेलं नाही. २०१८ मध्ये सरकारनं ‘स्टडी इन इंडिया’ योजना काढली. २०२३ पर्यंत परदेशी विद्यार्थी दोन लाखांवर न्यायचे ठरलं. शिक्षण मंत्रालयाच्या पाहणीत २०२१-२२ चा आकडा होता ४६,८७८. त्यात सगळ्यात जास्त नेपाळचे. आपले तेरा लाख बाहेर आणि बाहेरचे अर्धा लाखसुद्धा इथं नाहीत. फीमध्ये सवलत दिली, संकेतस्थळ काढलं. पण आफ्रिकेच्या विद्यार्थ्याला खोली भाड्यानं द्यायला घरमालक तयार आहे का? नोंदणीच्या कचेरीत त्याला किती चकरा पडतात? हे सवलतीनं सुटत नाही.

आणि नियम बदलण्याच्या बाबतीत आपणही वेगळे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबान आलं. भारत सरकारनं आधी दिलेले व्हिसा रद्द केले. आपल्याच शिष्यवृत्तीवर शिकणारे, तेव्हा मायदेशी असलेले किती तरी अफगाण विद्यार्थी तिकडेच अडकले. सुरक्षेची कारणं असतील, ती मी नाकारत नाही. पण त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. शिष्यवृत्तीचं पत्र खिशात आहे आणि दार बंद आहे.

घरात बसून विचारायचे चार प्रश्न

मग आपण काय करायचं? पोरांनो, आणि विशेषतः पालक मंडळी, चार प्रश्न कागदावर लिहा.

एक, हा पैसा कोण देतंय आणि त्याला माझ्याकडून काय हवंय? मैत्री, फी, हात की डोकं?

दोन, सगळा खर्च मिळतोय की फीत सवलत? राहणं, विमा, विमानभाडं धरून एकूण आकडा मांडा.

तीन, शिक्षणानंतर काय? परत यायची अट आहे, की राहायची मुभा? मुभा असेल तर ती कायद्यात किती पक्की? मागच्या दहा वर्षांत किती वेळा बदलली?

चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: उद्या तिकडचा नियम बदलला आणि पदवी घेऊन लगेच परत यावं लागलं, तर इथल्या पगारात हे कर्ज फिटेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते शिक्षण नाही, तो जुगार आहे.

आणि बाहेरच्यांच्या शिष्यवृत्तीआधी आपल्या सरकारच्या बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, वर्षाला पंचाहत्तर जागा. मराठा, कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची शिष्यवृत्ती आहे, तिला सयाजीराव महाराजांचंच नाव आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, एकशे पंचवीस जागांची. तिच्यात अनुसूचित जातींबरोबर भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही जागा आहेत. भूमिहीन शेतमजुराचं पोर सरकारी खर्चानं परदेशात शिकू शकतं, हे आपल्या भागात किती घरांना माहीत आहे? उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून दर वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. जातपडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

प्रश्नोत्तरे

माझी मुलगी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडं पैसा नाही. तिनं कुठं बघावं?

ताई, तिला संशोधनाची आवड असेल तर चौथ्या गरजेकडं बघा, डोकं. तिथं पूर्ण पैसा असण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत पीएचडीला बहुधा प्राध्यापकाच्या प्रकल्पातून किंवा शिकवण्याच्या कामातून फी आणि पगार मिळतो. युरोपची इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती महिना चौदाशे युरो देते आणि फीही भरते. जपान सरकारची शिष्यवृत्ती त्यांच्या वकिलातीमार्फत मिळते. जर्मनीच्या डाड या संस्थेच्या काही शिष्यवृत्त्या शेती आणि पाणी या विषयांना आहेत, पण त्यांना दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे आधी दोन वर्षं इथं नोकरी, मग अर्ज. उशीर झाला असं समजू नका. अर्ज करायला एजंट लागत नाही.

सरकारच्या पैशावर शिकून तिकडंच राहतात, त्यांना परत आणायला नको का?

करार केला असेल तर तो पाळला पाहिजे, यात शंका नाही. बाबासाहेबही करार पाळायला बडोद्याला आले होते. पण करारानं माणूस येतो, टिकत नाही. त्याला काम आणि मान दोन्ही मिळालं तर तो टिकेल. परत येणाऱ्याला आपण काय देणार, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

तुम्ही एवढे धोके सांगितले. मग पोरांनी जाऊच नये का?

जरूर जावं. मी जाऊ नका म्हणायला आलो नाही. ऊस लावू नका असं कोणी सांगतं का? पण ऊस घालताना आपण काटा बघतो, भाव विचारतो, मागच्या वर्षीचं बिल दिलं का ते विचारतो. एका टिपरीसाठी एवढं विचारतो, तर पोराला पाठवताना तेवढं तरी विचारा. ज्याचे आकडे मांडून झालेत आणि चौथ्या प्रश्नाला ज्याचं उत्तर ‘हो’ आहे, त्यानं मागंपुढं न बघता अर्ज करावा.